अंगावरच्या खुणा आणि त्या वाचणारे

शिर्डीचे साईबाबा मूळचे कोण, हा प्रश्न लोक त्यांच्या हयातीतच विचारत होते आणि उत्तर शोधताना त्यांची नजर बाबांच्या अंगावर जात होती. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांनी ‘श्रीसाईसच्चरित’च्या सातव्या अध्यायात हा पेच नोंदवून ठेवला आहे. मुसलमान म्हणावं तर बाबांचे कान टोचलेले. हिंदू म्हणावं तर ते सुंतेच्या बाजूने बोलणारे. आणि त्यांना जवळून पाहिलेले नानासाहेब चांदोरकर सांगत की बाबांची स्वतःची सुंता झालेलीच नव्हती. पुढे विश्वास खेर यांच्या शोधामुळे परभणी जिल्ह्यातलं पाथरी हे बाबांचं जन्मगाव म्हणून चर्चेत आलं, तिथे मंदिर उभं राहिलं, आणि जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली तेव्हा शिर्डीने बंद पाळला.

तो वाद या पुस्तकाचा विषय नाही. पण माणसाचे कान पाहून त्याचं कूळ, जात, धर्म ठरवायची जी सवय त्या जुन्या चर्चेत दिसते, ती मात्र या पुस्तकाच्या थेट मध्यभागी आहे. अंगावर खूण करणारा एक असतो, ती मिरवणारा दुसरा आणि वाचणारा तिसराच. गोंदणाबद्दल, टोचलेल्या नाका-कानांबद्दल, आजच्या टॅटूबद्दल आपल्याकडे जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक खुणेच्या अर्थाबद्दल आहे: विंचू का, मोर का, तुळस का. वाचणाऱ्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. लग्न ठरवायला आलेली मंडळी, तुरुंगाचा कारकून, भरतीचा डॉक्टर, रक्तपेढीतला तंत्रज्ञ हे सगळे त्या खुणेचे वाचक. पाथरी, मानवत, सेलू या पट्ट्यातल्या बायका-पुरुषांच्या अंगावरच्या खुणा समोर ठेवून हे पुस्तक या वाचकांकडे वळतं.

सुरुवात अर्थातच गोंदणापासून. मराठवाड्यात सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बाईचा हात हातात घेतला की पदराखालून ते हिरवट ठिपके दिसतात. कपाळावर कुंकवाच्या जागी टिकली किंवा चंद्रकोर, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, विंचू, मोर, कधी राम-लक्ष्मण, कधी भावाचं किंवा नवऱ्याचं नाव. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं ते उखाण्यातच, एरवी नाही. हातावर मात्र ते जन्मभर. आणि पुष्कळ हातांवर बाईचं स्वतःचं नाव असतं, जत्रेत हरवली तर कुणीतरी वाचून घरी पोचवावी म्हणून गोंदलेलं. ज्या हातावर ते आहे त्या बाईला अक्षरओळख नसते. आपलं नाव दुसऱ्यानेच वाचायचं, हे तिला गोंदतानाच ठाऊक असतं.

गोंदणारीण यायची ती सुगी उरकल्यावर, गल्लीत हाळी देत. तिच्याजवळ सामान फार नसे. दिव्यावर धरलेली काजळी, ती कालवायला पाल्याचा रस किंवा अंगावरचं दूध, आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया. आधी काडीने आकार काढायचा. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी कातडी ताणून धरायची आणि उजव्या हाताने सुया जवळजवळ टोचत न्यायच्या, फार खोल नाही आणि अगदी वरवरही नाही. रक्ताचे बारीक थेंब आले की पुसायचे, पुन्हा काजळी, पुन्हा सुया. पोरीचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून गोंदणारीण गात राही. घरातल्या दोघी-तिघी पोरीचे हातपाय धरून बसलेल्या असत. शेवटी हळदीचा लेप. मोबदला म्हणून सुपातलं धान्य, कधी जुनं लुगडं. चार दिवस हात सुजलेला, मग खपली, आणि खपली पडल्यावर खालून तो हिरवा रंग.

काजळी काळी असताना गोंदण हिरवं-निळं का दिसतं, याचं उत्तर कातडीच्या रचनेत आहे. वरचा थर सतत झडून नवा येत असतो. रंग बसतो तो त्याच्या खालच्या थरात. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. फ्रान्समध्ये मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की अशी पेशी मेली की तिने सोडलेला रंग शेजारची नवी पेशी उचलते, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं. काळा कण वरच्या त्वचेतून पाहिला की प्रकाशाच्या विखुरण्यामुळे निळसर-हिरवा भासतो. म्हणजे ज्या आजीच्या हातावर सत्तर वर्षांपूर्वीचा विंचू आहे, तिचं शरीर तो विंचू आजही रोज सांभाळतं आहे.

गोंदण मेल्यावर सोबत येतं, दागिने इथेच राहतात, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. बाईला स्वतःच्या नावावर जमीन नाही, घर नाही, अंगावरचं सोनंही अडचणीच्या वेळी गहाण पडायचं. अशा आयुष्यात कुणाला काढून नेता येणार नाही असं काहीतरी असणं, याला किंमत होती. म्हणूनच गोंदणाला केवळ रूढी म्हणून झटकून टाकणं बरं नाही. पण त्याची नुसती आरती ओवाळणंही तितकंच चुकीचं आहे. आठ-दहा वर्षांच्या पोरीला धरून बसवलं जात होतं. तिला विचारलं जात नव्हतं. बिनगोंदणाची सून सासरी चालायची नाही, हा धाक आईला असे. या पुस्तकाने दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या आहेत, आणि एकीने दुसरीला झाकू दिलेलं नाही.

या विषयाचा इतिहास मराठीत एका ठिकाणी का सापडत नाही, याचं कारण राजकीय आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मुलूख तीन राजवटींत वाटलेला होता आणि जाती-जमातींची माहिती गोळा करणारे अधिकारीही तीन कचेऱ्यांचे. वऱ्हाड-नागपूरकडची माहिती रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या खंडांत गेली. मुंबई इलाख्याची एन्थोव्हेन यांच्या १९२० ते १९२२ मध्ये आलेल्या खंडांत. पाथरी तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथलं जे काही नोंदलं गेलं ते सय्यद सिराज उल हसन यांच्या १९२० च्या पुस्तकात. गोदावरीच्या काठची बाई आणि नगर जिल्ह्यात दिलेली तिची बहीण यांच्या हातावर एकच तुळस असेल, पण ती दोन सरकारांच्या दोन कपाटांत गेली.

या सगळ्या लेखकांची दृष्टी प्रशासकाची होती: कोणती जात, कोणती खूण, ओळखायची कशी. त्यानंतरची पिढी मानववंशशास्त्रज्ञांची. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांवर लिहिलं, तर निजामाच्या राज्यातच काम केलेल्या फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. त्यांनी माणसांबरोबर राहून लिहिलं, हा मोठा फरक. पण त्यांचं लक्ष आदिवासींवर. त्यामुळे गडचिरोलीच्या माडिया बायकांच्या चेहऱ्यावरच्या रेषांना अभ्यासात जागा मिळाली आणि पाथरीच्या कुणब्याच्या, मातंगाच्या, धनगराच्या, लमाणी तांड्यावरच्या बाईचं गोंदण फार साधं म्हणून सुटून गेलं. तिसरी वाट लोकसाहित्याची. सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांनी बायकांची गाणी अपार कष्टाने जमवली, त्यांत गोंदणाचा उल्लेख येतो. शब्द राहिले, पण ज्या हातावर ते चित्र होतं त्या हाताचं रेखाटन सहसा कुणी केलं नाही.

कानाची गोष्ट गोंदणाहून वेगळी, कारण तिला ग्रंथांचा आधार होता. कर्णवेध हा सोळा संस्कारांतला एक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावरच आहे: बाळ सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असताना, रक्षणासाठी आणि भूषणासाठी कान टोचावेत, असं तो सांगतो. पण त्या अध्यायाचा खरा जीव पुढे आहे. जड दागिन्याने पाळी फाटली, ओघळली, तुटली तर ती जोडायची कशी, याच्या पंधरा तऱ्हा तिथे दिल्या आहेत. त्याच ओघात गालाची कातडी वळवून नाक बसवायची रीत येते. अंग सजवायच्या हौसेतून शस्त्रक्रियेचं एवढं मोठं शास्त्र उभं राहिलं, हे जगाच्या वैद्यकात विरळ आहे.

आणि ते शास्त्र पुस्तकातच पडून राहिलं नाही. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजी फौजेच्या बैलांवर असलेला कावसजी नावाचा मराठा शेतकरी कैद झाला. टिपूच्या माणसांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह छापून आली. तिचाच माग घेत जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडात असं नाक बसवलं. त्या कारागिराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही.

गावाकडे कान टोचायचा तो सोनाराने. बारशाच्या दिवशी किंवा पुढेमागे, सोन्याची किंवा चांदीची बारीक तार, पाळीवर आधी नेमका ठिपका, मग एका दमात आरपार, तारेची गाठ, वर तेल-हळद. पाळीला हात बसलेला असल्याने सोनाराने टोचलेले कान दुखत नाहीत असं मानलं जातं. आता तालुक्याच्या दवाखान्यातही कान टोचतात आणि मॉलमध्ये पिस्तुलासारखं यंत्र लावूनही. कानाच्या वरच्या कूर्चेवर ते यंत्र लावलं तर जंतुसंसर्गाचा धोका जास्त; पेशवाईतल्या पुरुषांची भिकबाळी वरच्या कानातच असे आणि सध्या ती पुन्हा लग्नात मिरवू लागली आहे, म्हणून हे सांगणं गरजेचं. नाकाचं पाहावं तर प्राचीन शिल्पांतल्या बायकांच्या नाकात दागिना दिसत नाही. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी नथीचा इतिहास ग्रंथांतून धुंडाळून ती मध्ययुगात रूढ झाली असं दाखवलं. जिच्याशिवाय मराठी नवरीचं चित्र पुरं होत नाही ती नथ मूळची इथली नसावी, हे कित्येकांना अजून रुचत नाही. मुलं जगत नसलेल्या घरात नव्या मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवायचे, म्हणजे त्याला नजर लागणार नाही. गावोगावचे नथू त्या नवसाचे.

पंथांच्या खुणा आणखी वेगळ्या. नाथपंथी कानफाटे योगी कानाच्या मधल्या भागात छेद घेऊन मोठी कुंडलं घालत. माध्व संप्रदायात आषाढी एकादशीला तप्तमुद्रा घेतात, म्हणजे तापवलेल्या शंख-चक्राच्या मुद्रा दंडावर उमटवून घेतात. बगाडाला पूर्वी पाठीत गळ टोचून माणूस फिरवत; वाईजवळच्या बावधनला आज दोर बांधून ती रीत चालते. आणि डाग? पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटाला तापल्या लोखंडाचे चटके देणं मेळघाटातून अजून बातम्यांत येतं. पुस्तकाने डागाला गोंदणाच्या पंगतीत बसवलेलं नाही. उपचाराच्या नावाखाली बाळाला भाजणं ही परंपरा म्हणून समजून घेण्याची गोष्ट नाही, थांबवण्याची आहे. दुखऱ्या सांध्यांवर उपाय म्हणून गोंदून घेणं मात्र निराळं: आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या ओट्झी नावाच्या माणसाच्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या देहावर एकसष्ट खुणा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच झिजलेल्या सांध्यांजवळ, कमरेपाशी आहेत.

खुणेचा सर्वांत कठोर वाचक सरकार. बंगालमध्ये कंपनी सरकारने १७९७ च्या नियमाने काही गुन्हेगारांच्या कपाळावर गुन्हा गोंदायची शिक्षा ठेवली. ती १८४९ मध्ये रद्द झाली. बायका जे सौभाग्य म्हणून कपाळावर घेत, तेच सरकारने कलंक म्हणून वापरलं. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता. हजेरीपटात माणसाच्या नावापुढे अंगावरच्या खुणा लिहिल्या जाऊ लागल्या. ज्या भटक्या जगातून गोंदणारणी येत, त्याच जगातल्या अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा हा शिक्का होता. तो १९५२ मध्ये कायद्याने पुसला, पोलिसांच्या नजरेतून पुसायला फार वेळ लागला आणि पारध्यांच्या पालांवर आजही तो पुरता पुसलेला नाही.

अंगावरच्या खुणेची ही सत्ता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी ओळखली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बायकांशी बोलताना त्यांनी लुगडं नेसायची पद्धत आणि गळ्या-हातांतले कथलाचे, चांदीचे जड दागिने सोडायला सांगितलं, कारण त्यांवरून जात लांबूनच वाचली जात होती. दागिना उतरवता येतो, लुगडं वेगळं नेसता येतं. गोंदण उतरत नाही. आज मराठवाड्यातल्या तरुणांच्या दंडावर ‘जय भीम’ आणि बाबासाहेबांची सही दिसते. जातीची खूण लपवण्यापासून आपली निष्ठा स्वतःहून, ठळकपणे, कातडीवर लिहिण्यापर्यंतचा हा शंभर वर्षांचा पल्ला या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

यंत्र आलं ते अमेरिकेतून. एडिसनच्या विजेच्या लेखणीत फेरफार करून सॅम्युअल ओ’रायली यांनी न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच जातीची, बॅटरीवर चालणारी यंत्रं पुढे आपल्या जत्रांत आली, आणि हातावर नाव, ॐ, मारुती काही मिनिटांत होऊ लागला. गोंदणारणीचा धंदा बसला तो तिथे. सुई बाईच्या हातातून पुरुषाच्या हातात गेली. शहरी टॅटूची वाट वेगळी: मुंबईत मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. जांगू कोहियार हे तिच्या आरंभीच्या कलावंतांपैकी. आता जिल्ह्याच्या गावी बसस्टँडजवळ टॅटूची दुकानं आहेत. शिवरायांचं चित्र, राजमुद्रा, महाकाल, ‘आई-बाबा’, आणि अलीकडे वारलेल्या वडिलांचा हुबेहूब चेहरा. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं, दर ठरतो.

हे सगळं आत्ताच का लिहायला हवं, याला तातडीची कारणं आहेत. पहिलं भरतीचं. मराठवाड्यातला जो मुलगा पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावतो, त्याला सैन्याचा नियम आधी कळायला हवा: कायमचं गोंदण चालतं ते हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा पंजाच्या पाठीवर. इतरत्र असेल तर तो बाद. रूढीने गोंदवून घेणाऱ्या आदिवासींना सवलत आहे, तीही एकेकाचं पाहून. म्हणजे तालमीतल्या पोराने दंडावर मारुती गोंदला, तो त्याच्या आजोबांच्याही दंडावर होता, तरी नियमाच्या लेखी ती परंपरा नाही. मग लेझर. काळा रंग लेझरने बऱ्यापैकी निघतो, रंगीत चिवट. बैठका अनेक आणि पैसे टॅटूच्या कितीतरी पट. त्याच लेझरखाली हनुवटीवरचे ठिपके काढून घ्यायला बायकाही येतात. जी खूण नाही म्हणून लग्न मोडायचं, ती आहे म्हणून आता अडतं. ज्यांना लेझर परवडत नाही ते चुना, ॲसिड लावून कायमचा व्रण ओढवून घेतात.

दुसरं कारण आरोग्याचं. एकच सुई दहा जणांना वापरली तर कावीळ ब, क आणि एचआयव्ही पसरू शकतो. म्हणून टॅटू काढल्यावर किंवा कान-नाक टोचल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. युरोपने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांवर रसायनांना वेसण घातली. आपल्याकडे शाईच्या बाटलीत काय आहे हे विचारणारं कुणी नाही. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, एवढी साधी गोष्टही गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

आणि तिसरं. गोंदणाची प्रत एकच असते आणि ती चितेवर जाते. जपानमधल्या ऐनू बायकांच्या ओठांभोवतीच्या गोंदणावर १८७१ मध्ये बंदी आली. आज ते फक्त जुन्या छायाचित्रांत आहे. फिलिपाइन्समधल्या वांग-ओद या कलिंग आजींनी मात्र भावंडांच्या नातींना ही कला शिकवली, आणि २०२३ मध्ये शंभरी उलटल्यावर त्या तिथल्या ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आल्या. आपल्याकडे बंदी आली नाही. शाळा आली, पावडर-कुंकू आलं, लाज आली, आणि लेकींनी आपल्या लेकींना गोंदवलं नाही. त्यांचं काही चुकलं असं मुळीच नाही. पण ज्या बायकांच्या हातावर हे आहे त्या आज शेवटच्या आहेत.

पुस्तकाचा खटाटोप त्या हातांपाशी आहे. गावोगाव जाऊन हात जसा आहे तसा रेखाटायचा, ठिपके मोजून, सुरकुतीने आकार कुठे ओढला गेला तेही दाखवून. कोणी, कुठे, कशाच्या बदल्यात गोंदलं, दुखलं का, स्वतःला हवं होतं का, हे तिच्याच बोलीत लिहायचं. चेहऱ्याचं छायाचित्र तिने हो म्हटलं तरच, आणि लेकी-सुनांचा आग्रह असला तरी तिने नको म्हटलं तर नाही. शेजारच्या पानांवर सोनार आहे, बसस्टँडचा टॅटूवाला आहे, भरतीत बाद झालेला मुलगा आहे. पाथरीत मुस्लिम वस्ती मोठी. गोंदण धर्मात निषिद्ध मानलं जात असलं तरी बायकांचे कान मात्र पाळीपासून वरपर्यंत टोचलेले, आणि त्या कानांना इथे स्वतंत्र जागा दिली आहे.

एक जागा रिकामी आहे आणि ती तशीच दाखवली आहे. गोंदणारणींचं स्वतःचं म्हणणं या पानांत जवळजवळ नाही. त्या गावात राहत नव्हत्या, पुढच्या गावाला निघून जात होत्या, आणि ज्यांच्या अंगावर त्यांचं काम आहे त्या बायकांनाही त्यांची नावं सांगता येत नाहीत. त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचायचं तर पालांवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर जावं लागेल. ते काम पुढच्या खंडासाठी हाती घेतलेलं आहे.